नांदकोंडचा अकरावा वाफा

गुलाम रसूल एकोणसाठ वर्षांनी नांदकोंडला परतले, तेव्हा त्यांना ओळखणारं एकच माणूस गावात उरलं होतं. ते म्हणजे कुणबीवाडीतले रावजी. दोघं एका वयाचे, लहानपणी खाडीत एकत्र डुंबलेले. रावजींना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी पाहुण्याच्या कानामागे बोट फिरवलं, तिथला जुना व्रण चाचपला आणि म्हणाले, "दगड माजाच व्हता."

ही गोष्ट १९८८ च्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा नांदकोंडची ग्रामसेविका होते. माहेर देवरूखचं, नोकरीचं चौथं वर्ष. गावातल्या बायकांच्या भाषेत मी 'शेविकाबाय'.

गुलाम रसूल अकराव्या वर्षी मामाबरोबर बोटीवर चढून रंगूनला गेले होते. तिथे गोदीत राबले, पुढे चहाचं दुकान टाकलं, तिथल्याच बाईशी निकाह केला. बायको वारली. मागे एक मुलगी, रझिया. तीही तरुणपणीच विधवा झाली होती, पदरी एक मुलगा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रंगूनमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सैन्याने गोळ्या घातल्या. रझियाचा सतरा वर्षांचा हारून एका सकाळी कॉलेजच्या पोरांबरोबर मोर्चात गेला तो घरी आलाच नाही. दोन महिने बापलेकीने शोधलं. मग घराची झडती झाली, शेजारची दोन माणसं उचलून नेली, तेव्हा म्हाताऱ्याने मुलीला घेऊन वाट धरली. डोंगर ओलांडून मणिपुरात, तिथून कलकत्ता, मुंबई आणि शेवटी एस.टी.ने नांदकोंड. निघताना रझियाने शेजारणीजवळ एका कागदावर गावाचं नाव लिहून ठेवलं होतं. हारून आला तर त्याला द्यायला.

मोहल्ल्यात गुलाम रसूलांच्या भावाचा मुलगा मजीद राहत होता. तो कुवेतला नोकरीला, तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने दोघांना मागची पडवी रिकामी करून दिली. मजीदची बायको खुर्शीद दोन वेळचं जेवण नेमाने द्यायची. वाईट कोणी वागलं नाही. पण रझियाशी बोलणार कोण? तिला बर्मी यायचं आणि बाजारापुरतं मोडकं हिंदुस्थानी. पस्तिशीची बाई, बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. दिवसभर पडवीच्या पायरीवर बसायची. साडेअकराची एस.टी. वळणावर आली की उठून उभी राहायची, आणि सगळी माणसं उतरून गेली की पुन्हा बसायची.

त्याच महिन्यात मी बायकांचा भाजीमळा सुरू करत होते. भातकापणी झाली की पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, जमीन महिनोन् महिने ओली राहते. तिथला एक मोठा तुकडा मजीदच्या घरचा, कापणीनंतर रिकामा होता. तो त्याने वापरायला दिला. कुणबीवाडीतल्या सहा आणि मोहल्ल्यातल्या चार, अशा दहा बायका तयार झाल्या. दहा वाफे आखले. बी पंचायतीकडून.

वाफ्यांच्या दोऱ्या बांधत होतो तेव्हा गुलाम रसूल काठी टेकत आले. मागे रझिया.

"शेविकाबाय," ते म्हणाले, "हिलाव एक वाफा द्या. भाजीसाठी नाय म्हनत. चार बायकांत बसली तर बोलाया शिकंल. मी काय जल्माला पुरनार नाय."

जागा उरली नव्हती. अकरावा वाफा काढायचा तर शेवटच्या वाफ्यातून हातभर पट्टी घ्यावी लागणार होती, आणि शेवटचा वाफा हौसाचा होता. हौसा म्हणजे रावजींची सून. नवरा मुंबईला, घरात म्हातारा सासरा आणि दोन पोरी. अंगाने भक्कम आणि जिभेला धार.

"माजीच पट्टी क्याला?" ती म्हणाली. "मोहल्ल्याची बाय, मोहल्ल्याच्या वाफ्यातनं द्या."

"शेवटचा तुझाच आहे, हौसा."

तिने कुदळ उचलली आणि स्वतःच दोरी सरकवली, पण मी सांगितलं होतं त्यापेक्षा वीतभर कमीच.

रझियाने तेवढ्या पट्टीत काय काय लावलं! मुळा, लाल माठ, मिरची, अंबाडी. अंबाडीचं बी हातात घेऊन तिने वास घेतला आणि बापाकडे बघून बर्मीत काहीतरी म्हणाली. ते हसले. "तिकडं ह्याच पानांची आंबट आमटी करतात, रोजच्या रोज," त्यांनी सांगितलं. ते बांधावर बसून राहायचे. बायका बोलतील ते तिला सांगायचे, ती बोलेल ते बायकांना. त्यांची बोली साठ वर्षांपूर्वीची. काही शब्द तर मोहल्ल्यातल्या सुनांनी फक्त आजीच्या तोंडून ऐकलेले. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, पण ऐकत राहायच्या.

डिसेंबरात भांडण झालं. हौसाने वाफ्याच्या टोकाला भोपळ्याचा वेल लावला होता. एका सकाळी ती आली तर वेलाचे शेंडे खुडलेले, आणि रझियाच्या टोपलीत ते कोवळे शेंडे नीट जुडी बांधून ठेवलेले. हौसाने टोपली लाथेने उडवली आणि रझियाच्या खांद्याला धक्का दिला. रझिया चिखलात बसली. डोकं गुडघ्यांत घालून, दोन्ही हात मानेवर घेऊन ती तशीच बसून राहिली. सैनिक दारात आल्यावर माणूस जसा बसेल तशी. हौसा बघतच राहिली.

गुलाम रसूल पोचले तेव्हा त्यांना दम लागला होता. "शेंडा खुडला की येल फुटतो," ते म्हणाले. "चार फांद्या निगतात. ती तुजा येल सुधराया गेली. शेंडं तुज्याचसाठी ठेवलन. भाजी करतात त्याची."

पंधरा दिवसांत वेल खरंच पसरला, बांध ओलांडून गेला. पहिला भोपळा धरला तेव्हा तिने मला बोलावून दाखवला. मग पाणी शेंदताना एक कळशी रझियाच्या वाफ्यात ओतली.

जानेवारीत गुलाम रसूल गेले. दोन दिवस ताप आणि मग फजरच्या नमाजाआधी शांतपणे. मोहल्ल्याच्या कबरस्तानात, आपल्या बापाच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. रावजींना हौसाने हात धरून मजीदच्या दारापर्यंत नेलं. ते जनाजा जाईपर्यंत उभे होते.

रझिया आठ दिवस मळ्यात आली नाही. तिच्या वाफ्याला पाणी कोण घालत होतं ते मी विचारलं नाही. माती ओली दिसायची. नवव्या दिवशी हौसा तिच्या पडवीत गेली. खुर्शीदने नंतर मला सांगितलं, हौसाने आत जाऊन रझियाच्या हातात खुरपं दिलं, हाताला धरून उठवलं आणि चालायला लागली.

तिथून पुढे रझिया बोलायला शिकली. दुभाषी उरला नव्हता, त्यामुळे दोघींना दुसरा इलाजच नव्हता. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं. माती, खुरपं, कळशी, मुंगी, ऊन. फेब्रुवारीपर्यंत ती वाक्यं जुळवू लागली, आणि तीही थेट हौसाच्या हेलात. "मना नाय ठावं," म्हणायची. "क्याला गो?" म्हणायची. खुर्शीद म्हणाली, "बघा, र्‍हाते आमच्याकडं आनि बोली उचलली कुणब्यांची." सगळ्या हसल्या. रझियाही हसली. तिचे पुढचे दोन दात थोडे एकावर एक होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

हारूनबद्दल ती फक्त हौसाशीच बोलायची. हात स्वतःच्या डोक्यावर वीतभर उंच धरून दाखवायची, एवढा. काटे असलेली मासळी खात नाही. पायाला सारखी ठेच लागते, बघून चालत नाही. तो येणार हे ती अशा सुरात सांगायची की हौसा एकदा मला म्हणाली, "बाय, माजा घोव गनपतीला येनार म्हनून मीव येवड्या भरवशान सांगत नाय."

आता जे सांगायचं ते माझ्याबद्दल आहे.

मला त्या मळ्याचा अभिमान वाटत होता. दोन वाड्या, दोन धर्म, आणि परदेशातून आलेली एक अभागी बाई. शहरातल्या एका साप्ताहिकासाठी मी लेख लिहिला. कोणी सांगितलं नव्हतं. फोटोही मीच काढून घेतला, रझिया मुळ्याची जुडी धरून उभी. लेखात मी तिचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, आणि गुलाम रसूलांनी मला विश्वासाने सांगितलेली हकीकत लिहिली. हातात एकही कागद नसताना बापलेकीने सरहद्द कशी ओलांडली, ते मी चांगलं रंगवून लिहिलं. लेख छापून आला तेव्हा मी तो रझियाला दाखवला. तिला मराठी वाचता येत नव्हतं. स्वतःचा फोटो बघून तिने कागद जमिनीवर उलटा ठेवला.

तीन आठवड्यांनी हवालदार आला. त्याच्या खिशात माझ्या लेखाचं कात्रण होतं.

"बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?" त्याने विचारलं. माणूस सभ्य होता. बसला, पाणी प्यायला. "परदेशी नागरिक गावात राहते आणि नोंद नाही. आता वरून विचारणा आली. मला काहीतरी लिहून द्यावं लागेल."

मी रझियाला घेऊन रत्नागिरीला कचेरीत गेले. पहिल्या खेपेला साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला भेटले. त्यांनी विचारलं, बाप इथला कशावरून? मी गावी परत येऊन उर्दू शाळेची जुनी दप्तरं काढली. वाळवीने अर्धी खाल्लेली. तीन दिवस लागले, पण १९२६ सालच्या पानावर नाव सापडलं. गुलाम रसूल दाऊद, वय आठ. मी ते पान फडक्यात गुंडाळून नेलं.

साहेबांनी पान नीट वाचलं. "बाप इथला, मान्य," ते म्हणाले. "पण ही त्यांची मुलगी, हे कशावरून?"

ज्याने सांगितलं असतं तो जमिनीखाली होता.

मग दहाही बायकांनी अर्ज केला. सह्या तिघींच्याच, बाकीच्यांचे अंगठे. हौसाने अंगठा उमटवताना मला लिहायला लावलं, 'ही बाई गुलाम रसूलची मुलगी आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.' रावजींनीही अंगठा दिला. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाले, जवळच्या नातेवाइकाने जबाबदारी लिहून दिली तर निकाल लागेपर्यंत इथे राहू देण्याचा विचार करता येईल.

जवळचा नातेवाईक म्हणजे मजीद. त्याचा पासपोर्ट नव्याने करायला टाकलेला होता. पोलिसांचा अहवाल गेला की एप्रिलअखेर तो कुवेतला परत जाणार होता. त्याने मला ओटीवर बसवलं.

"शेविकाबाय, ह्या कागदावर माजी सही पडली आनि उद्या काय उलटलं, तर माजा पासपोर्ट अडकंल," तो म्हणाला. "घरात सात मानसं हायत. मी म्हनत नाय की ती माजी भैन नाय. पन मना सही नाय जमनार."

आत दारामागे खुर्शीद उभी होती. त्या दिवशी तिने मला चहा दिला नाही, आणि मला वाटतं तो राग माझ्यावर नव्हता. किंवा असेलही.

शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. दिल्लीत निर्वासितांची नोंद करणारं ऑफिस आहे, तिथे नाव नोंदवलं तर तिला कोणी हाकलणार नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं. मी मळ्यात जाऊन रझियाला समजावलं. जायचं, नाव लिहायचं, कागद घ्यायचा, परत यायचं. दीड-दोन महिने. मला खरंच तसं वाटत होतं.

तिने ऐकून घेतलं. मग हौसाकडे वळून म्हणाली, "हारून हितं येल. मी नसली तर?"

"मी हाय ना," हौसा म्हणाली. "रोज गाडीवर नजर ठेवीन. उंच पोर, बघून चालत नाय. मना वळकाया येल."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. सही न देणारा मजीदच तिला दिल्लीपर्यंत पोचवायला निघाला. कुवेतला जायच्या तयारीतले दिवस खर्चून. साडेअकराच्या गाडीला मळ्यातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. गाडी सुटेपर्यंत हौसा खिडकीखाली उभी राहून तिला एकेक सांगत होती. कुठे उतरशील तिथे आधी पाणी कुठे आहे ते बघ. कोणाचा हात सोडू नको. रझिया नुसती मान हलवत होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती.

मजीद सात दिवसांनी परतला. "तिला आत घेतलनी," म्हणाला, "मना भायेर थांबवलनी." दोन दिवस तो त्या फाटकाशी थांबला होता. मग एका कारकुनाने येऊन सांगितलं, सोय झाली, तुम्ही जा. तेवढं सांगून तो घरात गेला. महिन्याअखेर तो कुवेतला गेला.

दीड महिना झाला, दोन झाले. पाऊस लागला, मळा भाताखाली गेला. हौसा लावणीच्या दिवसांतही साडेअकराला डोक्यावर इरलं घेऊन वळणावर जाऊन यायची. कधी स्वतः, कधी एखादी पोरगी. मला ती कामापुरतं बोलायची.

पत्र आलं ते नोव्हेंबरात. मजीदच्या पत्त्यावर, हिंदीत, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. खुर्शीदने मला बोलावलं आणि मी म्हणाले, हौसालाही बोलवा. त्या दोघी पडवीत बसल्या आणि मी वाचून मराठीत सांगत गेले.

रझियाला कागद मिळाला होता. पण त्या कागदावर दिल्लीतच राहायचं होतं, दर महिन्याला हजेरी द्यायची होती. नांदकोंडला यायची परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती. एका खोलीत तिच्या देशातल्या आणखी चार बायकांबरोबर ती राहत होती. शिवणकाम करत होती. तिथे तिला रंगूनचा एक मुलगा भेटला होता, हारूनच्या वर्गातला. हारून पहिल्याच आठवड्यात गोळी लागून गेला होता. जखमी झालेल्या एका पोराला उचलून दवाखान्यात नेत असताना, दवाखान्याच्या दारातच. तो मुलगा मागेच होता. रझिया आणि तिचा बाप ज्या दोन महिन्यांत त्याला शोधत होते, त्या दोन महिन्यांत तो नव्हताच.

पत्राच्या शेवटी होतं, 'हौसाला सांगा, गाडीवर जाऊ नको.'

मी थांबले. हौसा म्हणाली, "पोराचं पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"तितं तिच्यासंगं कोन बसलं आसंल?" ती म्हणाली. कोणाला विचारत होती कळलं नाही. मग उठली आणि गेली.

मला वाटलं ती घरी गेली. मी आणि खुर्शीद तशाच बसून होतो. तासाभराने कुणबीवाडीकडून बायका येताना दिसल्या. मळ्यातल्या सहाही जणी, शिवाय आणखी काही, डोक्यावर पदर घेतलेल्या. कोणाच्या घरी माणूस गेलं की जसं जातात तशा, पुढे-मागे, न बोलता. हौसाच्या हाताला धरून रावजी होते. खुर्शीदने आतून चटया आणल्या आणि पसरल्या. मोहल्ल्यातल्या बायका आल्या. एका म्हातारीने कुराण उघडलं आणि बारीक आवाजात वाचायला सुरुवात केली. कुणबीवाडीच्या बायका भिंतीला टेकून बसल्या.

घरात मयत नव्हतं. आईही नव्हती. ज्याच्यासाठी बसलो होतो त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

वाचन संपल्यावर रावजींनी विचारलं, "पोराचं नाव काय व्हतं?"

"हारून," हौसाने सांगितलं. मग तिने सांगायला सुरुवात केली. किती उंच होता. मासळी कुठली खायचा नाही. लहानपणी आजोबांच्या दुकानात टेबलाखाली झोपायचा. शाळेत गणितात हुशार, पण अक्षर वाईट. पायाला सारखी ठेच. रझियाने मळ्यात खुरपताना तुटक्या शब्दांत जे जे सांगितलं होतं ते सगळं तिला पाठ होतं, आणि ते ठाऊक असलेली गावात ती एकटीच होती. बोलता बोलता तिचा आवाज फुटला, आणि मग बायका रडल्या. खुर्शीद सगळ्यांत जास्त रडली.

मी दाराजवळ बसले होते. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि उठूनही जा म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर एकेक करून बायका उठल्या. हौसा सासऱ्याला घेऊन निघाली, पायरीवर थांबली आणि सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली.

"उत्तर लिवनार ना?"

"लिहीन."

"मंग लिवा, आमी बसलो व्हतो. कोन कोन व्हतं त्यांची नावां लिवा. सगळ्यांची."

मी त्याच संध्याकाळी लिहिलं. एकवीस नावं झाली. माझं लिहावं की नाही हे मला कळेना. शेवटी मी ते लिहिलं नाही. पत्र टाकलं, पण उत्तर आलं नाही. मी आणखी दोन पत्रं पाठवली. पुढच्या जूनमध्ये माझी अलोऱ्याला बदली झाली.